मातीखालचा नाद

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर, दायमाबाद नावाचे एक ओसाड गाव आहे. इ. स. १९७४ मध्ये तेथे एक भिल्ल शेतकरी झाडाचे मूळ काढण्यासाठी जमीन खणत होता. खणता खणता त्याला चार जड वस्तू लागल्या. एक होता बैलजोडी जुंपलेला रथ. त्यात सारथी ताठ उभा होता. इतर तीन वस्तू म्हणजे रेडा, हत्ती आणि गेंडा यांच्या मूर्ती. चारही वस्तू तांब्याच्या मिश्रधातूच्या असून त्यांचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरले!

हा शोध केवळ योगायोगाने लागला. जमिनीत धातू आहे की नाही, हे न खणताही सांगणारे एक यंत्र मात्र आहे. त्याला धातुशोधक यंत्र म्हणतात. एका दांड्याच्या टोकाशी थाळीएवढी चकती असते आणि तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते मातीत शिरते. वाटेत एखादे नाणे आले, तर त्या नाण्यातही पाण्यातील भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह फिरू लागतात. त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते, आणि यंत्र वाजते.

हे ऐकावयास सोपे वाटते. पण यंत्र हाती घेऊन शेतात उभे राहणारा मनुष्य पहिल्याच दिवशी गोंधळून जातो. याचे कारण आपली माती. दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली आहे व तिच्यात लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात. लोहचुंबक कागदात गुंडाळून नदीच्या कोरड्या वाळूतून फिरवावा. कागदाला काळ्या कणांची दाढी फुटते. हे कणही यंत्राला प्रतिसाद देतात. म्हणून शोधास आरंभ करण्यापूर्वी यंत्राची भूमीशी जुळवणी करावी लागते. जेथे धातू नाही अशी जागा निवडून चकती गुडघ्याइतक्या उंचीवरून जमिनीलगत आणावयाची व पुन्हा वर न्यावयाची. ती खाली येताना आवाज चढत असेल, तर तो वर-खाली सारखाच राहीपर्यंत खुंटी फिरवावयाची. असे केले म्हणजे मातीचा आवाज वजा होतो. शेत बदलले, की ही जुळवणी पुन्हा करणे इष्ट.

दुसरी खुंटी संवेदनशीलतेची. नवशिक्याला वाटते, ती पूर्ण फिरवली की खोलवरचे धन सापडेल! परंतु आकाशवाणी ऐकताना आवाज फार वाढविला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. तसेच येथे घडते. विहिरीवरील पंपाची वीजतार जवळून जात असेल, तर यंत्र उगाच किरकिरते. अशा वेळी खुंटी थोडी मागे घेणेच शहाणपणाचे.

सर्वांत फसवी खुंटी धातुभेदाची. लोखंड, तांबे, चांदी यांचा प्रतिसाद परतण्यास लागणारा विलंब निरनिराळा असतो. त्यावरून यंत्र धातू ओळखते, आणि नको त्या धातूला गप्प बसविता येते. शेतात बैलांच्या नाला, खिळे, फाळाचे तुकडे अमाप असतात. तेव्हा लोखंड वगळण्याचा मोह होणारच. पण खिळ्याशेजारी नाणे असेल, तर खिळ्याबरोबर नाणेही मुके होते. सातवाहन राजांनी शिशाचीही नाणी पाडली होती. अशा लहान नाण्याचा क्षीण प्रतिसाद चकाकत्या वेष्टनाच्या तुकड्यासारखा भासू शकतो; वेष्टन वगळावे, तर राजाचे नाणेही वगळले जाते! लोखंडी बाणाग्रे तर हमखास निसटतात. त्यामुळे पुराणवस्तूंचे अभ्यासक बहुधा हा भेद बंद ठेवून सगळेच आवाज ऐकतात.

इतके करूनही एकटेदुकटे नाणे साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच हाती लागते. प्रवरेकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथील पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, एकावर एक थर सापडले. अशा थरांतूनच वस्तूचा काळ कळतो. यंत्राला धातू कळतो. काळ कळत नाही.

दायमाबादच्या रथाचेच पाहा. एस. आर. राव, सा. आ. साळी आदी संशोधकांनी तो उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, मानला. डी. पी. अगरवाल यांना मात्र त्या धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले. त्या काळच्या तेथील इतर वस्तूंत तसे मिश्रण नसल्याने हा रथ पुष्कळ अलीकडचा असावा, असे त्यांनी सुचविले. या वस्तू थरांची नोंद ठेवीत केलेल्या उत्खननात मिळाल्या असत्या, तर वादाला फारशी जागा उरली नसती. त्या शेतकऱ्याचा यात काय दोष? तो मूळ काढीत होता. जाणूनबुजून यंत्र घेऊन पांढरी उकरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

जागेची नोंद ठेवल्यास हेच यंत्र किती सांगू शकते, ते अमेरिकेत दिसून आले. लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये लढाई झाली होती. १९८४ मध्ये संशोधकांनी ते रणांगण धातुशोधकांनी तपासले. आवाज आला की तेथे निशाण रोवावयाचे, जागा मोजावयाची, मगच वस्तू उचलावयाची. काडतुसांच्या पुंगळ्यांवर प्रत्येक बंदुकीच्या ठोक्याची खूण निराळी होती. त्यामुळे एकेक बंदूक रणांगणावर कोठून कोठे गेली, हेही उमगले.

आपल्याकडे संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदणे हा गुन्हा आहे. आणि जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो. त्या पत्रात तीन गोष्टी असाव्या लागतात : वस्तू काय व किती मोलाची, ती कोणत्या जागी सापडली आणि कोणत्या दिवशी.