घराला रंग किती लागेल? मोबाइलला विचारण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीआधी दिग्रसचं आमचं घर रंगवायचं ठरलं. मी पुण्यात, त्यामुळे माझ्या वाट्याला एकच काम आलं: रंग किती आणायचा ते सांगायचं. मोबाइलवर एक कॅल्क्युलेटर उघडला, घराचं क्षेत्रफळ ४०० चौरस फूट टाकलं, उत्तर आलं १४ लिटर. बाबांनी १० लिटरचा एक आणि ४ लिटरचा एक, असे दोन डबे आणले. पेंटरने एकेक खोली पूर्ण करत आणली आणि तीन खोल्या झाल्यावर रंग संपला. बाबांचा फोन आला, "तुह्या मोबाइलनं तीनच खोल्या मोजल्या का बे?"

तोच शेड नंबर देऊन पुन्हा रंग आणला. पण मशीनवर वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या रंगात किंचित फरक पडू शकतो, आणि आमच्याकडे तो पडला. नवा डबा जिथून सुरू झाला, ती रेघ आजही ट्यूबलाइट लावली की दिसते.

चूक कुठे झाली? असे कॅल्क्युलेटर बऱ्याचदा फरशीच्या क्षेत्रफळाला एका ठरावीक आकड्याने गुणतात. साडेतीन हा त्यातला नेहमीचा आकडा. ४०० गुणिले ३.५ म्हणजे १४०० चौरस फूट, आणि लिटरला १०० चौरस फूट धरले की १४ लिटर. हिशोब बरोबर आहे, गृहीतक चुकीचं आहे. भिंती फरशीच्या क्षेत्रफळावर ठरत नाहीत, खोलीच्या परिघावर ठरतात.

२० बाय २० चा एकच हॉल घ्या. परीघ ८० फूट, उंची १० फूट, म्हणजे भिंती ८०० आणि छत ४००, एकूण १२००. आता त्याच ४०० फुटांत १० बाय १० च्या चार खोल्या पाडा. प्रत्येकीचा परीघ ४०, चौघींचा १६०. भिंती १६००, छत ४००, एकूण २०००! फरशी तेवढीच, भिंती दुप्पट. दारं-खिडक्यांचे साधारण १५० वजा केले तरी १८५० उरतात, म्हणजे साडेअठरा लिटर. सरळ २० लिटरची बकेट आणायला हवी होती. खोल्या जितक्या लहान आणि छत जितकं उंच, तितका हा घोळ मोठा. गावाकडच्या जुन्या घरांत दोन्ही असतं.

मग फोनच्या कॅमेऱ्याने भिंत मोजली तर? आयफोनमध्ये २०१८ च्या आयओएस १२ पासून मेजर ॲप आहे, अँड्रॉइडवरही एआर वापरणारी ॲप्स मिळतात. पण इथे एक गंमत आहे. फोन हलवताना कॅमेरा चित्रातले ठळक बिंदू धरून ठेवतो (कोपरे, डाग, फरशीच्या रेघा) आणि ते किती सरकले यावरून, सेन्सरच्या मदतीने, अंतर काढतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर असे बिंदूच नसतात. म्हणजे नेमकी जी वस्तू मोजायची, तिथेच बिचारा चाचपडतो. २०२० च्या आयफोन १२ प्रोपासून प्रो मॉडेल्सना लायडार आहे. तो प्रकाश सोडून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, त्यामुळे त्याला कोरी भिंत तितकी नडत नाही. पण आपल्यापैकी किती जणांच्या खिशात प्रो असतो?

साध्या फोनवर उपाय म्हणजे भिंत सोडा, फरशी मोजा. भरपूर उजेडात, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. आधी एखादा ए-४ कागद मोजून पाहा. लांब बाजू २९.७ सेंटीमीटर यायला हवी. लांबी आणि उंची दोन्ही ५ टक्के जास्त आली, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांहून थोडं जास्तच चुकतं. खरं सांगू का, दोन बाय दोनच्या टाइल्स असतील तर त्या मोजणं याहून सोपं. आणि १५ फुटी टेप तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

आता डबा. त्यावर एका लिटरमध्ये किती जागा होते ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा हे नीट वाचा. एका हाताच्या आकड्याने भागलं आणि दोन हात मारले, तर निम्माच रंग येईल. आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६ ने गुणा. शिवाय तो गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या भिंतीसाठी असतो. खरखरीत गिलावा जास्त पितो, बाहेरची भिंत त्याहून जास्त. जुन्या चुन्यावर तर थेट मारूच नका, पापुद्रे निघतात. आधी खरवडून प्रायमर. पुट्टीचा हिशोब वेगळा, तो किलोत, आणि भिंत किती वाकडीतिकडी आहे ते पाहून पेंटरच बरोबर सांगतो.

उत्तर १८.५ आलं की १९ लिटर जमवत बसू नका, डबे साधारण १, ४, १० आणि २० लिटरचे येतात. उलट खूप जास्तही नको, कारण मशीनवर शेड मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. एकाच शेडचे दोन डबे असतील तर पेंटरला सांगा, आधी एका मोठ्या पिंपात एकत्र कर. एवढं केलं असतं तर आमची रेघ... नाही, आमचा दुसरा डबा मुळात चार दिवसांनी आला होता.

उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून ठेवा, आणि झाकणावरच्या शेड नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा. आमचा फोटो आईने फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवलाय.