आपसूक उगवलेला कसावा

उपासाचा साबुदाणा ज्या मुळांच्या पिठापासून होतो, तो कसावा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला. तिथे आजही एकेका गावात त्याचे डझनावारी वाण लावले जातात. लागवड खोडाच्या कांड्या पुरून होते, म्हणजे नवे झाड आधीच्या झाडाचीच प्रत. तरीही एवढे वैविध्य टिकले कसे?

पेरूतल्या आग्वारुना लोकांमध्ये राहिलेल्या जेम्स बॉस्टर यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की तिथल्या बायका पाने, देठ, खोडाचा रंग यांवरून वाण ओळखतात आणि वेगळे दिसणारे झाड मुद्दाम राखतात. १९९९मध्ये केनेथ ऑल्सन आणि बार्बरा शाल यांनी एका जनुकाच्या क्रमावरून या पिकाचे मूळ ॲमेझॉनच्या दक्षिण सीमेवरच्या एकाच रानटी पूर्वजापर्यंत नेले. अनेक रानटी जातींच्या संकरातून कसावा झाला, हा जुना समज त्याने मागे पडला.

मला मात्र या सगळ्यात मोलाचे वाटते ते गयानातल्या माकुशी लोकांच्या शेतांवरचे काम. मरियान एलियास, डॉयल मॅकी आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये दाखवले, की एकाच नावाच्या वाणात जनुकीयदृष्ट्या वेगवेगळी झाडे असतात. कारण शेतातच होते. कसाव्याला फुले येतात, बी पडते, ते जमिनीत दबून राहते आणि पडीक रान जाळून पुन्हा कसले की उगवते. ही आपसूक आलेली रोपे शेतकरी सगळीच खुरपून टाकत नाहीत. काढणीला मुळे पाहतात आणि पसंत पडले तर त्या झाडाच्या कांड्या ओळखीच्या एखाद्या वाणात मिसळतात. फ्रेंच गयानातल्या पालिकुर लोकांच्या शेतांत बेनवा पुजोल यांना २००५मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: खुरपणीत मोठी रोपे वाचतात, आणि मोठी तीच, ज्यांना आईबापांकडून वेगवेगळी जनुके मिळालेली असतात. स्वपरागातून आलेली दुबळी रोपे तिथेच गळतात. विविधता मोजायला आलेल्यांना ती घडवणारे हात सापडले, ही या संशोधनाची खरी कमाई आहे.

पुढे २०१६मध्ये रानटी आणि लागवडीच्या कसाव्याचे जीनोम शेजारी ठेवून वाचले गेले. टांगानिकात १९३०च्या दशकात मोझॅक रोगावर उपाय म्हणून रबर देणाऱ्या भाईबंद जातीशी केलेल्या संकराच्या खुणा आफ्रिकी वाणांत स्पष्ट दिसल्या.

कोलंबियातल्या पाल्मिरा इथे हजारो वाण काचनळ्यांत जपले आहेत, आणि ते जपायलाच हवेत. पण नळीत फूल येत नाही, बीही पडत नाही. पुढच्या संग्राहकांनी नाव असलेल्या वाणांबरोबर शेतातली बिननावाची रोपेही उचलावीत आणि ती कोणी, का राखली हे टिपून ठेवावे.