उसन्या गाण्याचे ऋण

दुसऱ्याने रचलेले आणि दुसऱ्यानेच आधी गायिलेले गीत एखाद्या गायिकेने असे गावे, की पुढे ते तिच्याच नावाने ओळखले जावे, हा संगीताच्या व्यवहारातील नित्याचा चमत्कार होय. पण व्यवहार म्हटला की देणेघेणे आले आणि कोणाचे देणे किती, याचा हिशेबही आला. अमेरिकन ब्लूज-रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्या ‘मी अँड बॉबी मगी’ या गीताची हकिकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

हे कथागीत क्रिस क्रिस्टॉफरसन यांचे. त्याच्या श्रेयात फ्रेड फॉस्टर यांचाही वाटा आहे. रस्त्यावरून भटकणारी दोन माणसे, त्यांची सोबत आणि अखेरची ताटातूट एवढाच त्याचा विषय. 1969 मध्ये रॉजर मिलर यांनी ते प्रथम ध्वनिमुद्रित केले. मूळ गीतात बॉबी ही स्त्री होती. जॉप्लिनने तिला पुरुष केले. ती आरंभ करते तो गिटारच्या साध्या साथीवर, जवळजवळ गप्पा मारावयाच्या स्वरात. मग स्वर एक पायरी वर चढतो, वाद्ये भोवती गोळा होतात आणि शेवटी शब्द मागे पडून केवळ आवाजाचा लोट उरतो. या ध्वनिमुद्रणानंतर थोड्याच दिवसांत, 4 ऑक्टोबर 1970 रोजी, वयाच्या 27 व्या वर्षी हेरॉइनने तिचा बळी घेतला. ‘पर्ल’ ही तबकडी जानेवारी 1971 मध्ये निघाली आणि मार्चमध्ये हे गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले. क्रिस्टॉफरसन यांनी तिच्या आवाजातील आपले गीत ऐकले ते तिच्या मृत्यूनंतरच.

ब्लूजची किंकाळी फोडणारी म्हणून ख्याती पावलेल्या या गायिकेला ग्रामीण वळणाचे हे गीत इतके सहज कसे साधले? त्याचे उत्तर तिच्या उमेदवारीच्या काळात सापडते. जॉप्लिनचा जन्म 1943 मध्ये टेक्सासमधील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावी झाला. वडील तेल कंपनीत अभियंते होते. गावातील शाळा गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. अशा गावात ही गोरी मुलगी बेसी स्मिथ, मा रेनी आणि लेडबेली या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या ऐकत वाढली. वर्णभेदाविरुद्ध बोलल्याबद्दल तिला सहाध्यायांची कुचेष्टा सोसावी लागली. तिची खरी संगीतशाळा म्हणजे या तबकड्याच होत.

दुसरी शाळा ऑस्टिन येथे. 1962 मध्ये टेक्सास विद्यापीठात असताना ती केनेथ थ्रेडगिल यांच्या मद्यगृहात गाऊ लागली. मूळच्या पेट्रोल पंपाच्या जागेत चालणाऱ्या या गुत्त्यात स्थानिक श्रमिक आणि विद्यार्थी एकत्र बसत. मालक स्वतः जिमी रॉजर्स यांची जुनी ग्रामीण गीते गात. ब्लूज आणि ग्रामगीत यांच्यातील भिंत तेथे पातळ होती. 1970 च्या जुलैमध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, जॉप्लिन याच थ्रेडगिल यांच्या सत्कारासाठी ऑस्टिनला परतली आणि तेथे गायलीही. दोन्ही शाळांतील शिक्षण ‘बॉबी मगी’त एकत्र आले आहे: आरंभ थ्रेडगिल यांच्या गुत्त्यातला, शेवट बेसी स्मिथ यांच्या तबकडीतला.

मधला मार्ग मात्र सरळ नव्हता. 1963 मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. मादक द्रव्यांच्या आहारी जाऊन 1965 मध्ये खंगून घरी परतली. 1966 मध्ये ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या वाद्यवृंदाने तिला पुन्हा बोलाविले. जून 1967 च्या माँटेरे महोत्सवात तिने ‘बॉल अँड चेन’ गायिले आणि ती एका रात्रीत प्रसिद्ध झाली. हे गीतही उसनेच होते. ते बिग मामा थॉर्नटन यांचे.

थॉर्नटन यांचे उदाहरण हिशेबाचा मूळ मुद्दा उघड करते. ‘हाउंड डॉग’ हे गीत त्यांनी 1952 मध्ये गाऊन त्याला रूप दिले. 1956 मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते जगभर पोहोचविले. गीत लायबर आणि स्टोलर यांचे असल्याने प्रेस्ली यांच्या विक्रीतून थॉर्नटन यांचे कायद्याने काही निघत नव्हते. अमेरिकेच्या 1909 च्या कायद्याप्रमाणे एकदा ध्वनिमुद्रित झालेले गीत कोणीही पुन्हा मुद्रित करू शके. प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट रचनेच्या मालकाला दिले की कर्तव्य संपले. रचनेला भाव होता. गाण्याच्या ढंगाला नव्हता.

मग ढंगालाही मालकी द्यावी काय? तसे केल्यास उमेदवारीच अशक्य होईल. पोर्ट आर्थरमधील एका मुलीने बेसी स्मिथ यांच्यासारखे गाऊन पाहण्यासाठी परवाना काढावयाचा असता, तर जॉप्लिन घडलीच नसती. परंपरा ही सामाईक विहीर आहे; तिच्या पाण्यावर कर बसवू नये. परंतु या उदार तत्त्वाच्या आडून एक वेगळीच गोष्ट खपविली जाते. बेसी स्मिथ यांच्या तबकड्या 1923 पासून कोलंबिया कंपनीने लाखांनी विकल्या. गायिकेला मात्र प्रत्येक गीतामागे ठोक रक्कम मिळे, विक्रीवर रॉयल्टी नव्हे. येथे प्रश्न ढंगाचा नव्हता, तर केलेल्या श्रमाच्या मोबदल्याचा होता आणि तो कराराच्या एका कलमाने सुटण्याजोगा होता. पुढे जॉप्लिनची ‘पर्ल’ ही तबकडी याच कोलंबियाने काढली, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

1937 मध्ये बेसी स्मिथ वारल्या. फिलाडेल्फियाजवळच्या त्यांच्या थडग्यावर 33 वर्षे साधा दगडही नव्हता. ऑगस्ट 1970 मध्ये तो बसला. त्याचा खर्च दोघींनी उचलला: एक जॅनिस जॉप्लिन आणि दुसरी जुआनिता ग्रीन, जिने लहानपणी बेसी स्मिथ यांच्या घरी काम केले होते. कायद्याने यांपैकी कोणीही कर्जदार नव्हते. ज्यांनी लाखो प्रती विकल्या त्यांच्या वहीत हे देणे कधी लिहिलेच गेले नव्हते. श्रोत्या मुलीने आणि घरकाम केलेल्या मुलीने ते फेडले.

ही कृतज्ञता थोर खरी. पण तिच्या थोरपणावर समाधान मानून थांबणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. ढंगाचे ऋण पैशांत मोजता येत नाही, ते नाव घेऊनच फेडावे लागते. श्रमाचे ऋण मात्र मोजता येते. ते कलावंताच्या हयातीतच चुकते व्हावयास हवे. पहिले काम जॉप्लिनने आपल्या परीने केले. दुसरे काम एखाद्या गायिकेच्या औदार्यावर सोपविण्याजोगे नाही; ते करारांचे आणि कायद्याचे आहे, आणि थडग्यावरील दगड कितीही सुबक असला तरी त्याची भरपाई करू शकत नाही.