सांभाळणाऱ्यालाही सांभाळायला हवं

डिमेन्शियाचं निदान झालं की घरातला पहिला प्रश्न गोळ्यांचा असतो. आजार मागे फिरवणारं औषध नाही हे कळलं की उरलेलं सगळं नशिबावर जातं; सांभाळणाऱ्या बायकोने किंवा नवऱ्याने मन घट्ट करावं, एवढंच. समुपदेशन म्हणजे चार समजुतीचे शब्द, त्यावाचून काही अडत नाही, हा समज इथे रुजतो आणि तो खोटा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका, आधारगट आणि अडल्यावेळी फोनवर सल्ला मिळाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ साधारण ५५७ दिवस उशिरा आली. सांभाळणाऱ्याचं नैराश्य घटलं, रुग्णाचं वागणं मनाला कमी लागू लागलं आणि इतरांचा आधार आहे असं वाटू लागलं, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

यावर हमखास म्हटलं जातं, ते अमेरिकेत. आपल्याकडे घर माणसांनी भरलेलं असतं. पण घरात माणसं असणं आणि त्यांचा आधार असणं या दोन गोष्टी आहेत. अर्धा तास भेटून जाणारे नातेवाईक ‘अगं, ते तर छान बोलले की!’ म्हणतात, तेव्हा रात्रभर जागलेली बायको आणखी एकटी पडते. मिटलमन यांच्या सहापैकी चार बैठका सगळ्या कुटुंबासह होत्या, त्या उगाच नव्हेत. आणि पुरावा आपल्या शेजारचाही आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत असा प्रयोग केला. निष्कर्ष २००८ साली आले. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. पंधरवड्यातून एकदा तरी, असं सहा महिने ती गेली. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. मग उपयोग काय, असं कुणी विचारेल. मला तर हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते: आजार होता तिथेच होता, तरी तो सोसणाऱ्याचा त्रास कमी करता आला.

‘माणूस समोर आहे, मग रडायचं कशाला?’ हे वाक्यही असंच जिव्हारी लागतं. देहाने हजर असलेला माणूस मनाने दुरावत जातो, त्या दुःखाला पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने ‘संदिग्ध वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याला ना तेरावा असतो, ना सांत्वनाला येणारे चार लोक. म्हणून ते बोलायला जागा लागते. निदान लवकर झालं असेल तर तिथे दोघांनीही बसावं, कारण ‘त्यांना आता काय कळतंय’ हाही गैरसमजच. आयोवा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना पाहिलेलं फारसं आठवेना, पण ते दुःख किंवा तो आनंद अर्ध्या तासापर्यंत टिकून होता. थकलेल्या जोडीदाराच्या तोंडून ‘दहा वेळा सांगितलं ना!’ निघून जातं, तेव्हा शब्द विसरले जातात, लागलेलं मात्र राहतं. आणि ते तोंडून निघतं तेव्हा बोलणारा बहुधा कित्येक रात्री झोपलेला नसतो.