ट्रेल कॅमेरा म्हणजे काय? हरणाचा फोटो आपोआप कसा निघतो?

अमेरिकेत हरणांची शिकार करणारे लोक हंगामाआधीच जंगलात झाडाला एक छोटा कॅमेरा बांधून ठेवतात. हाच ट्रेल कॅमेरा.

मला आधी वाटायचं, तो सीसीटीव्हीसारखा सतत चालू असतो. तसं नाही. त्यात पीआयआर सेन्सर असतो. आजूबाजूपेक्षा गरम असलेलं काही समोरून हललं, की कॅमेरा जागा होतो आणि फोटो काढतो. म्हणून बॅटरी बरेच दिवस टिकते. पण उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी फोटो निघतो, म्हणून समोरचं गवत आधी काढून टाकतात. रात्रीसाठी इन्फ्रारेड एलईडी असतात.

सिम असलेल्या मॉडेलमधून फोटो थेट मोबाइलवर येतो. खरा वाद इथेच आहे. हरीण आत्ता पाणवठ्यावर आलंय हे घरबसल्या कळलं, तर हरणाला संधी काय उरली? ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हाच आहे. पण याच तंत्राने ताडोबासारख्या जंगलात वाघ मोजतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून तो ओळखू येतो. मला विचाराल तर या कॅमेऱ्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच!