पीजीबेंच : चाचणीपुरती उघडलेली बँक

पोस्टग्रेस डेटाबेसबरोबर पीजीबेंच नावाचा एक छोटा प्रोग्राम येतो. `पीजीबेंच -आय -एस 100` एवढी आज्ञा दिली की तो एक बँक उभी करतो: 100 शाखा, 1000 कॅशियर आणि एक कोटी खाती. मग व्यवहार सुरू होतात. खात्यात रक्कम टाका, शिल्लक बघा, कॅशियरची आणि शाखेची नोंद बदला, इतिहासात एक ओळ लिहा. सेकंदाला असे किती व्यवहार झाले, हा आकडा शेवटी छापून येतो.

बँक खोटी असली तरी लिनक्सच्या शेड्यूलरला तिने अनेकदा घाम फोडला आहे. कोणती प्रोसेस प्रोसेसरच्या कुठल्या कोरवर, किती वेळ चालेल हे शेड्यूलर ठरवतो. 2007 साली इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्यूलर आला, तेव्हापासून लिनक्सच्या शेड्यूलरचा धर्म म्हणजे समान वाटप. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं. पण डेटाबेसला पंगत नको असते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस असते आणि सामायिक मेमरीतल्या नोंदींना हात लावण्यापूर्वी ती एक छोटं कुलूप घेते. ते हातात असतानाच शेड्यूलरने ‘तुझी पाळी संपली’ म्हणून तिला कोरवरून उठवलं, तर तिजोरीची किल्ली खिशात घालून कॅशियर जेवायला गेल्यासारखी गत होते. बाकीच्या प्रोसेस कुलपाभोवती गिरक्या घेतात, थकल्या की मिलिसेकंदभर झोपतात. न्याय झालेला असतो, काम झालेलं नसतं.

2012 च्या सप्टेंबरात शेड्यूलर आणि डेटाबेस यांचं हे वाकडं चव्हाट्यावर आलं. लिनक्स 3.6 बाहेर पडण्याच्या बेतात होतं. एएमडीच्या मशीनवर पीजीबेंचचा आकडा आधीच्या कर्नलपेक्षा (लिनक्सच्या गाभ्यापेक्षा) सुमारे 20 टक्क्यांनी घसरलेला दिसला. संशयित होता माइक गॅलब्रेथ यांचा एक पॅच. झोपेतून उठलेल्या प्रोसेससाठी सगळे रिकामे कोर धुंडाळत बसण्याऐवजी एकाच ‘सोबती’ कोरकडे बघायचं, अशी त्याची काटकसर. हेतू चांगला होता, इतर चाचण्यांत फायदाही होता. पण पीजीबेंचची रचना वेगळी: हुकूम सोडणारी प्रोसेस एकच, राबणाऱ्या अनेक. हुकूम सोडणाऱ्या प्रोसेसलाच कोर मिळेना झाला की सगळी बँक हात चोळत बसते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी पॅच मागे घेतला.

आता, ‘20 टक्के’ म्हणणं सोपं आहे. तो आकडा खरा आहे हे सिद्ध करणं किचकट. काहीच न सांगता चालवलं तर पीजीबेंच प्रत्येक क्लायंटमागे फक्त दहा व्यवहार करून थांबतो, आणि त्या आकड्यावरून पॅचला नावं ठेवणारे महाभाग असतात. निदान काही मिनिटं तरी चालवायला हवं. पण पोस्टग्रेस दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट घेतो, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवतो. एका फेरीत तो आला आणि दुसरीत नाही, तर तुम्ही शेड्यूलर नव्हे, डिस्क मोजलीत. क्लायंट शाखांपेक्षा जास्त झाले, तर ते शाखेच्या त्याच त्या ओळीसाठी भांडत बसतात. मग तुम्ही भांडण मोजलंत. म्हणून जाणकार नुसत्या वाचनाची फेरी वेगळी घेतात, प्रोसेसरचा वेग बांधून ठेवतात, आणि जुनं कर्नल, नवं कर्नल, पुन्हा जुनं असं आलटून पालटून चालवतात. कंटाळवाणं काम आहे. माझ्या मते पॅच लिहिण्यापेक्षा अवघडही.

सीएफएसची जागा 2023 मध्ये, लिनक्स 6.6 पासून, ईईव्हीडीएफ या शेड्यूलरने घेतली. मूळ कल्पना 1995 मधली, आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांची. कर्नलमध्ये आणली पीटर झिल्स्ट्रा यांनी. यात प्रत्येक प्रोसेसचं येणं-देणं मांडून ठेवतात आणि ती झोपून उठली तरी हिशोब पुसत नाहीत. वर्षभराने बँक पुन्हा कुरकुरली, या वेळी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या काउंटरवरून. शेड्यूलरची ‘प्लेस लॅग’ आणि ‘रन टू पॅरिटी’ ही दोन बटणं बंद केली की घट बरीचशी भरून निघते, असं ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने दाखवलं आणि ती मुळातच बंद ठेवा म्हणून पॅच पाठवला. कर्नलच्या बाजूने उत्तर आलं, की आधी डेटाबेस शेड्यूलरच्या ‘स्केड बॅच’ या घाऊक कामांसाठीच्या वर्गात चालवून बघा.