हक्काचे एकवीस दिवस

अल वक्राच्या समुद्रकाठी संध्याकाळी फिरायला गेले की तिथल्या लाकडी होड्या पाहून आपल्यासारख्या माणसाला हटकून कोकण आठवते. एके काळी मोती आणि मासळी यांवर जगणारे हे गाव दोह्याच्या दक्षिणेला, तासाभराच्याही आत पोहोचता येईल इतके जवळ. २०१९ च्या मे महिन्यात इथे मेट्रो आली, त्याच महिन्यात अल जनूब स्टेडियम खुले झाले आणि २०२२ मध्ये तिथे विश्वचषकाचे सामने रंगले. हे सारे कोणाच्या हातांनी उभे राहिले, ते वाचकांना सांगायला नको.

याच किनाऱ्यावर मला रत्नागिरीकडचा एक वेल्डर भेटला. नऊ वर्षे एका कंपनीत काढून तो रीतसर नोटीस देऊन दुसरीकडे लागला होता. "काका, जुन्या कंपनीने हिशेब अजून दिला नाही. गेलो की पुढच्या महिन्यात या म्हणतात." नोकरी सोडून किती दिवस झाले, असे मी विचारले. "चौदा महिने झाले असतील." त्याचे उत्तर ऐकून मी गप्प झालो. कतारच्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरीचा करार संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा केला नाही, तर तो दावाच उरत नाही. "पुढच्या महिन्यात या" या शब्दांवर भरवसा ठेवून त्याने नऊ वर्षांची कमाई घालवली होती.

ती किती होती? मूळ कायदा २००४ चा, क्रमांक १४. एक वर्ष किंवा अधिक नोकरी झालेल्या कामगाराला नोकरी संपताना दर वर्षामागे निदान तीन आठवड्यांचा मूळ पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला म्हणून हा हक्क जात नाही. या गृहस्थांचा मूळ पगार १,८०० रियाल. म्हणजे दिवसाचे ६०, एकवीस दिवसांचे १,२६०, आणि नऊ वर्षांचे ११,३४० रियाल. गावी घराचे छप्पर त्यात सहज झाले असते.

इथे 'मूळ' हा शब्द ध्यानात ठेवावा. मुंबईत एजंट अडीच-तीन हजारांचा आकडा सांगतो, पण त्यात जेवणाचा भत्ता आणि ओव्हरटाइमही धरलेला असतो. ग्रॅच्युइटी मात्र मूळ पगारावरच निघते. तेव्हा सही करण्यापूर्वी मूळ पगार किती, हे विचारून घ्यावे. करार अरबीत असतो. सोबत भाषांतर असले तरी दोहोंत फरक निघाल्यास अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणून अरबी जाणणाऱ्या कोणाकडून तो एकदा वाचून घेतलेला बरा.

कामाच्या तासांचे म्हणाल तर दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८, रमजानमध्ये दिवसाला ६ आणि आठवड्याला ३६. त्यावरच्या कामाला निदान सव्वापट मोबदला आणि आठवड्याला एक सुट्टी. आपल्याला यात नवे काही वाटत नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर. सुट्टी कोणी आपणहून देत नाही, ती आधी मागावी लागते. इथल्या उन्हाचाही नियम आहे. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे.

जुन्या मंडळींना कफाला पद्धतीचे दिवस आठवत असतील. मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नसे आणि एनओसीशिवाय नोकरी बदलता येत नसे. २०१८ मध्ये बहुतेक कामगारांची एक्झिट परमिटची अट गेली आणि २०२० मध्ये एनओसीची. आता दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर एक महिन्याची, त्याहून अधिक असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती न देता निघून गेल्यास मालक 'पळून गेला' अशी तक्रार नोंदवू शकतो, आणि मग बाजू खरी असूनही निस्तरणे जड जाते.

२० मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार महिना १,००० रियाल आहे. मालक राहण्याची सोय करीत नसेल तर वर ५००, जेवणाची करीत नसेल तर ३००. २०१५ च्या दुरुस्तीपासून पगार बँकेतूनच द्यावा लागतो. हे फार उपयोगाचे झाले, कारण बँकेचा उतारा हाच पुरावा ठरतो.

पगार किंवा हिशेब अडला तर प्रथम कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी. तिथे समेट झाला नाही तर प्रकरण तंटा निवारण समितीकडे जाते. या समित्या २०१८ पासून काम करतात, अध्यक्ष न्यायाधीश असतो आणि तीन आठवड्यांत निकाल द्यावा असा नियम आहे. प्रत्यक्षात विलंब होतो, निकालानंतरही पैसे हाती यायला वेळ लागतो. शिवाय परदेशी कामगाराला इथे युनियन काढता येत नाही. म्हणजे माणूस बहुधा एकटाच उभा असतो, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांनी सोबत जाण्याला मोल आहे.

आता थोडे आपल्या घरातले. आपल्यापैकी अनेकांकडे घरकामाला बाई किंवा ड्रायव्हर असतो. त्यांच्यासाठी २०१७ चा कायदा क्रमांक १५ आहे. दिवसाला फार तर दहा तास काम, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला तीन आठवड्यांची रजा आणि शेवटी दर वर्षामागे तीन आठवड्यांचा पगार. "ती घरच्यासारखीच आहे" असे आपण कौतुकाने म्हणतो; पण घरच्या माणसाचा पासपोर्ट आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो का? २०१५ च्या कायद्याप्रमाणे परवान्याचे काम झाले की पासपोर्ट ज्याचा त्याला परत करायचा असतो, अन्यथा २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. कंपन्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले कपाट उघडून पाहावे.

त्या वेल्डरला मी फारसा धीर देऊ शकलो नाही. त्याने मात्र त्याच रात्री खोलीतल्या सहा जणांना ही एक वर्षाची गोष्ट सांगितली. त्यातल्या एकाला नोकरी सोडून दहा महिने झाले होते. तो दुसऱ्या दिवशीच तक्रार नोंदवून आला. वाचकहो, आपल्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला आजच विचारा: नोकरी कधी सोडलीस, आणि कराराची प्रत कुठे आहे?